वरच्या ओळीतलं शेवटचं बटण

काकी,

तुझी पिशवी आता याडी नेते. तू गेल्यावर पाच दिवस ती खुंटीलाच होती, आणि पाच दिवस आपल्या तांड्यावर कोणाला कोणाचा निरोप मिळाला नाही. सहाव्या दिवशी सकाळी याडीने तुझ्या बकऱ्या सोडल्या, पिशवी खांद्याला अडकवली आणि दारोदार जाऊन म्हणाली, "आना बाप्पा फोन." सगळ्यांनी आपापले बटवे आणून पिशवीत टाकले.

याडी म्हणजे माझी आई, आणि बापू म्हणजे वडील. हे तुला सांगायची गरज नाही, पण तांड्याबाहेरचं कोणी वाचेल म्हणून लिहिते. तू कशाने गेलीस, कोण कोण आलं होतं, ते मी लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे. मला तुझ्याशी आपल्या अर्धवट राहिलेल्या भांडणाबद्दल बोलायचं आहे.

घरात आपण बंजाऱ्यांची गोरबोलीच बोलतो. पण फोन कानाला लागला की तू वऱ्हाडीवर यायचीस, पलीकडे घरचंच माणूस असलं तरी. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणालीस, "त्या फोनातली बाई कधी आपल्या बोलीत बोलली का? तिले समजलं पाह्यजे ना." नंबर लागला नाही की जिचा आवाज ऐकू येतो, ती बाई मध्ये बसून सगळ्यांचं ऐकते आणि पुढे पोचवते, असा तुझा समज होता. तिला त्रास नको म्हणून तू भाषा बदलत होतीस. तेव्हा मी हसले होते. आता तुझं बोलणं लिहायला बसले, तर मलाही तुझी फोनवरचीच भाषा आधी आठवते.

आपला तांडा खोलगटात आहे. आर्णीच्या रस्त्यावरून आत उतरायला लागलं की रेंज उतारावरच संपते. टॉवर येणार, हे मी शाळेत होते तेव्हापासून ऐकते आहे. रेंज मिळते ती फक्त टेकडीवरच्या चपट्या दगडापाशी, आणि रोज टेकडीवर जाणारी तू एकटी, कारण बकऱ्या तुझ्या. आधी एकाने म्हटलं, काकी, माझा फोन ने, मेसेज पडला तर पडू दे. मग दुसऱ्याने म्हटलं. बघता बघता अख्ख्या तांड्याचे फोन तुझ्याकडे आले. सगळे सारखेच, काळे, बटणांचे. नावं लिहून चिकटवावीत, तर तुला वाचता येत नव्हतं. मग तू बटवे शिवलेस. तांड्याच्या नायकाच्या फोनला कवड्यांची झालर, अंगणवाडीच्या बाईंना मोर, दुकानवाल्याला लाल-पिवळी नक्षी, आणि माझ्या बापूला सात आरसे. जी कलाकुसर बाया सणाच्या घागऱ्यावर करतात ती तू फोनवर केलीस. तुझ्या स्वतःच्या बटव्यावर मात्र काहीच नव्हतं. "माहा तं मले कळते," म्हणायचीस.

संध्याकाळी तू उतरलीस की तुझ्याभोवती घोळका व्हायचा. तू नुसते फोन परत देत नव्हतीस, बातमीही द्यायचीस. "नायक, तुहा तीनदा बोंबलला. तिसऱ्यांदा लय वेळ. सोयऱ्याचं काम दिसते." वाचता येत नसून कोणाचं काम तातडीचं आहे हे तुला कळायचं, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. जुन्या काळी आपले लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्याला लदेणी म्हणत. कोणी तुला चिडवलं, "काकी, लदेणी निघाली का व?" की तू चालता चालताच म्हणायचीस, "हो ना. त्यायनं मीठ वाह्यलं, मी टिंगटिंग वाह्यते."

माझ्या फॉर्मचा दिवस तुला माझ्यापेक्षा चांगला आठवत असेल. तरी मी सांगते, कारण मी तो तुझ्यासमोर कधी पूर्ण सांगितलाच नाही.

बारावीनंतर यवतमाळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला माझं नाव यादीत लागलं होतं. जागा पक्की करायचा तो शेवटचा दिवस. बापू आणि मी आर्णीला गेलो, नेट कॅफेत बसलो. आधी दोन तास सर्व्हर बंद होता. मग सुरू झाला. कॅफेवाल्या भाऊंनी सगळं भरलं आणि म्हणाले, "ओटीपी आला असन. काढा फोन." बापूने खिशात हात घातला आणि तो हात तिथेच राहिला. रोजच्या सवयीने निघताना त्याने फोन तुझ्या पिशवीत टाकला होता. ज्या गावात भरपूर रेंज आहे तिथे जायला निघालेला माणूस, रेंज मिळावी म्हणून फोन टेकडीवर पाठवून आला होता! ही चूक आपल्याच तांड्यातला माणूस करू शकतो.

"फोन कुठी हाये?" भाऊंनी विचारलं.

"टेकडीवर," बापू म्हणाला. "बकऱ्यासंगं."

भाऊंनी एकदा बापूकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःचा फोन स्पीकरवर करून टेबलावर ठेवला आणि मी तुझा नंबर लावला.

"काकी, बापूच्या फोनवर आत्ता मेसेज आलाय. त्यात सहा आकडे आहेत. ते सांग."

"मले वाचता येते का व, रेखे? यात तं नुसत्या मुंग्याच मुंग्या हायेत."

पहिला ओटीपी तसाच संपला. दुसऱ्या वेळी मी हुशारी केली, आकड्यांचे आकार सांगत बसले. काठीसारखा दिसतो तो एक, म्हटलं. "काठ्या तं चार-पाच हायेत," तू म्हणालीस. तोही गेला. भाऊ म्हणाले, "आता एकच चान्स हाये. हा चुकला तं उद्यापर्यंत बंद." उद्या म्हणजे जागा गेली. बापू बाहेर जाऊन उभा राहिला. मी रडायला लागले, ते तुला पलीकडे ऐकू गेलं.

"ए पोरी, रडू नको. थांब. मले पाहू दे." थोडा वेळ फक्त वारा आणि बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा. मग तू म्हणालीस, "बटनावर जे मोठे चित्रं हायेत, तेच या मुंग्यात एका जागी हायेत. सहा. लागून लागून. मी चित्र पाह्यते अन् बटन कोनतं ते सांगते. तुह्याजोळ बटनाचा फोन हाये का?"

भाऊंचा फोनही बटणांचाच होता. तो आमच्यासमोर होता.

"मंग लिव. वरच्या लाइनीतलं शेवटचं."

मी पाहिलं. तीन.

"एकदम खालच्या लाइनीतलं. चांदनी अन् जाळीच्या मधातलं."

शून्य.

तेवढ्यात लांबून कोणीतरी ओरडलं, "ओ काकी! बकऱ्या तुरीत घुसल्या ना!"

आणि तू त्याच दमात, "खाऊ दे रे बाप्पा दोन घास! माही पोरगी भरती होऊन राह्यली इथी! हां रेखे, तिसऱ्या लाइनीतलं पहिलं. मंग पुन्हा तेच. वरच्या लाइनीतलं पहिलं. तिसऱ्या लाइनीतलं मधलं. झाले का सहा?"

झाले. भाऊंनी बटण दाबलं. पडदा थोडा वेळ गोल गोल फिरत राहिला आणि मग तिथे माझं नाव आलं.

भाऊ खुर्चीतून उठले. "हे काकी कितवी शिकली हाये?"

"शाळेच्या फाटकात नाही गेली," बापू म्हणाला.

"मंग आपन कायले शिकलो?" भाऊ म्हणाले.

त्या संध्याकाळी बापूचा बटवा परत आला तेव्हा त्यावर एक आरसा कमी होता. बकऱ्या हाकलायला धावताना पिशवी दगडावर आपटली होती. त्या जागी नुसता दोऱ्याचा गोल उरला. तू दुसरा आरसा बसवणार होतीस, कधी बसवला नाहीस. आणि त्या तुरीच्या मालकाच्या शेतात तू पुढे दोन दिवस निंदण करून दिलंस, हे मला वर्षभराने त्याच्याच तोंडून कळलं. तू सांगितलं नाहीस. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "तूर बी तं खाल्ली ना बकऱ्यायनं."

मी पदवीधर झाले, तांड्यातली पहिली पोरगी. गुणपत्रक घेऊन सगळ्यांच्या पाया पडत तुझ्या दारात आले, तर तू बकरीचं नुकतं जन्मलेलं पिल्लू माझ्या हातात दिलंस. "हे धर आधी." पिल्लू हातात असलेल्या माणसाला वाकता येत नाही. मला वाटतं तू ते मुद्दाम केलंस.

यवतमाळजवळ लोहाऱ्याला औद्योगिक वसाहतीत एका तेलाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, मला नोकरी लागली. तुला मी टचचा फोन आणला. तुला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही आणि तू ते लपवलंही नाहीस. "ही काच माह्या बोटाले वळखत नाही." खरंच ओळखत नव्हती. इतकी वर्षं कापूस वेचून आणि सुई चालवून तुझी बोटं घासून गुळगुळीत झाली होती. राशनच्या मशीनवरही तुझा अंगठा लागत नसे. सगळ्या बाया तिथे वैतागायच्या, पुन्हा पुन्हा हात धुवायच्या. तू शांतपणे अंगठा डोक्यावरून, तेल लावलेल्या केसांतून फिरवायचीस आणि मग ठेवायचीस. हिरवा दिवा लागला की मागच्या बाईला सांगायचीस, "मशीन बी लेकरावानी हाये. तेल लावल्याबिगर आयकत नाही." टचचा फोन तू बोटाच्या उलट्या बाजूने, पेराने चालवायला शिकलीस. तुझा मला आलेला पहिला व्हॉइस मेसेज अजून माझ्याकडे आहे. त्यात आधी घंटा आहेत, मग बराच वेळ तुझा श्वास, आणि शेवटी, "जाऊन राह्यलं का हे?"

जात होतं, काकी. सगळं पोचत होतं.

आता भांडण. एका दुपारी तुला टेकडीवर एक फोन आला. गोड बोलणारा माणूस, हिंदीत. अम्मा, चुकून माझा सहा आकड्यांचा नंबर तुमच्या फोनवर आला आहे, लवकर सांगा, नाहीतर माझं नुकसान होईल. तू सांगितलास. "ऊपर की लाईन में बीच का," असा, बटण-बटण करून. आणि तो लबाड माणूसही शांतपणे लिहून घेत होता, याचं मला अजून नवल वाटतं. तासाभरात तुझं मेसेजचं खातं त्याच्या हातात गेलं. तुझ्या नावाने, तुझ्या फोटोसकट, तांड्यातल्या ज्यांच्याकडे तोवर टचचे फोन आले होते त्या सगळ्यांना मेसेज गेले की मी अडचणीत आहे, मदत पाठवा. कोणीही फसलं नाही. कारण मेसेज लिहिलेला होता, आणि काकीला लिहिता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. नायक तर तो वाचून म्हणाला, "काकी शाळेत कवा गेलती?"

तांडा हसत होता आणि मी त्या रविवारी लोहाऱ्याहून तणतणत आले. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "किती वेळा सांगितलं, ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो! एवढंही कळत नाही तुला?"

तू बकरीच्या खुरातला काटा काढत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुले सांगतला तवा चालला."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं? तुहाबी टाइम चालला होता, त्याचाबी टाइम चालला होता. तूबी रडून राह्यलती, तोबी रडकुंडीले आलता."

मी तुझा फोन हातात घेतला. त्यात आणखी काय घुसलं असेल कोण जाणे, असं म्हणत मी तो पूर्ण साफ केला. पुसून कोरा केला, खातं पुन्हा सुरू केलं, आणि मोठं काम केल्यासारखा तुला परत दिला. पुढच्या रविवारी तू हळूच विचारलंस, "रेखे, याच्यातले तुहे निरोप कुठी गेले?"

मी पाठवलेले व्हॉइस मेसेज. आज काय खाल्लं, कोण साहेब रागावला, खोलीत पाणी आलं की नाही. दोन वर्षांचे. चपट्या दगडावर बसून तू ते पुन्हा पुन्हा ऐकत होतीस, हे मला माहीतच नव्हतं. चोराने तुझं काहीच नेलं नव्हतं. नेलं ते मी.

"गेले, काकी," मी म्हटलं.

"जाऊ दे. तू हायेस ना बोलाले."

तू मला रागावली नाहीस. मी तुझ्यावर ओरडले त्याच्या अर्ध्या आवाजातही नाही. आणि मी तेव्हा माफी मागितली नाही. शिकलेल्या माणसाला चूक कबूल करायला इतका वेळ का लागतो, काकी?

पण तू माझं ऐकलं होतंस, अगदी मनावर घेऊन. महिन्याभराने मला कॉलेजच्या साइटवरून एक कागद काढायचा होता. तिथे नंबर अजून बापूचाच आहे. मी कधी बदलला नाही. मी तुला फोन लावला. "काकी, बापूच्या फोनवर ओटीपी आलाय."

"कोन बोलते?"

"अगं मी, रेखा!"

"आवाज तं तिचाच हाये. पन त्या मानसाचाबी गोडच होता. सांग, बापूच्या बटव्याले आरसे किती?"

"सात."

तू फोन ठेवून दिलास. मी हातातल्या फोनकडे बघत राहिले. मग आठवलं, पुन्हा लावला आणि ओरडले, "सहा! सहा आहेत! एक पडलेला!"

"कवा पडला?"

"माझ्या फॉर्मच्या दिवशी."

"हं," तू म्हणालीस. "आता लिव."

पासवर्ड विसरला की कारखान्यातला संगणक मला विचारतो, तुमची पहिली शाळा कोणती. ते कोणीही सांगेल. तुझ्यासारखं कुलूप मी अजून कुठे पाहिलं नाही.

दर रविवारी तू आणखी एक प्रश्न विचारायचीस: "पुढचा फॉर्म कवा भरतं?" एम.एस्सी.चा. मी म्हणायचे, नोकरी आहे, झालं तेवढं बस. तू म्हणायचीस, "बस कोनं म्हनलं? मी अजून टेकडी चढून राह्यली ना." मी विषय बदलायचे.

तू गेल्यावर एका संध्याकाळी मी तुझे मेसेज ऐकत बसले होते. ऐकता ऐकता वर सरकवलं आणि तेव्हा दिसलं. मी तुला पाठवलेले सगळे तिथेच होते. माझ्या फोनमध्ये. पाठवणाऱ्याकडे ते राहतातच, हे मला, विज्ञानाच्या पदवीधर पोरीला, तोवर सुचलंच नव्हतं. तुला ते परत पाठवता आले असते. एका दुपारचं काम होतं. तू जिवंत असताना, चपट्या दगडावर बसून, तुला ते सगळे पुन्हा ऐकता आले असते. ते दिसलं तेव्हा मला तुझ्या जाण्यापेक्षाही जास्त रडू आलं.

मग मी वेड्यासारखं एक केलं. ते सगळे एकेक करून तुझ्या नंबरवर पाठवले. तुझा फोन बंद होता. प्रत्येकाखाली एकच खूण आली, म्हणजे निघालं पण पोचलं नाही.

काल दुपारच्या सुट्टीत, कारखान्याच्या पायरीवर बसून, मी एम.एस्सी.चा फॉर्म भरला. तुला सांगायची होती ती गोष्ट हीच. शेवटी ओटीपी मागितला. तो कुठे गेला हे मला माहीत होतं. मी याडीचा नंबर लावला. वारा ऐकू आला, घंटा ऐकू आल्या.

"याडी, बापूच्या फोनवर ओटीपी आलाय."

याडीही शाळेत गेलेली नाही. मला वाटलं, आता हिला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागेल.

"कोन बोलते?" याडी म्हणाली.

"मी रेखा, याडी."

"बापूच्या बटव्याले आरसे किती?"

"सहा," मी कसंबसं म्हटलं. "एक फॉर्मच्या दिवशी पडला."

"बरोबर. काकीनं शिकवून ठेवलं सगळ्या बायायले. लिव आता. दुसऱ्या लाइनीतलं पहिलं. वरच्या लाइनीतलं…" आणि ती थांबली. "काय व हे? पिशवीत काय वाजून राह्यलं?"

मलाही ऐकू येत होतं. टिंग. टिंग. टिंग. थांबतच नव्हतं.

"काकीचा साधा बटवा हाये," याडी म्हणाली. "आज चार्ज करून आनला मी. सगळ्यायचे आनले, तिचाबी आनला. लय निरोप येऊन राह्यले. कोनाचे हायेत हे?"

"माझे आहेत, याडी."

याडी म्हणाली, "येऊ दे. पोचू दे सगळे." आणि मागे टिंगटिंग चालू असतानाच आवाज जरा मोठा केला. "तू रडू नको. काकी म्हनत जाय, पोरगी गप झाली का पह्यल्यापासून सांगाचं. लिव. दुसऱ्या लाइनीतलं पह्यलं. मंग वरच्या लाइनीतलं शेवटचं…"